वावरात असताना आकाशात आगीचा गोळा दिसला तर: पहिल्या सेकंदापासून तहसीलपर्यंत काय करायचं

विदर्भात रात्री उघड्या आकाशाखाली सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, तर जागलीला गेलेला माणूस आणि रात्रीच्या लाइनीवर ओलित करणारा माणूस. एक डुकरं-रोही हाकलत मचाणावर बसलेला, दुसरा थ्री फेज कधी येते म्हणून मोटरीजवळ ताटकळलेला. गावाबाहेर ना हायमास्ट ना होर्डिंग, सगळा काळाकुट्ट अंधार, म्हणजे एखादी मोठी उल्का फुटलीच तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारा बहुतेक हाच असतो. पण दुसऱ्या दिवशी ह्याला कोणी काही विचारत नाही, व्हॉट्सॲपवर फिरतो तो कुठल्यातरी शहरातल्या गाडीच्या कॅमेऱ्यातला धूसर व्हिडिओ आणि खाली "अमुक गावच्या तळ्याजवळ पडलं म्हणे".

तर हा लेख ह्या जागलवाल्यासाठी आहे. दुर्बीण लागत नाही, महागडा फोन लागत नाही. चार गोष्टी नीट सांगता आल्या की झालं: गोळा कुठल्या दिशेला विझला, किती उंचीवर विझला, किती सेकंद दिसला, आणि आवाज आला का, आला तर किती वेळानं. एका गावातून ह्या चार गोष्टी आल्या तर ती बातमी आहे, तीन वेगवेगळ्या गावांतून आल्या तर नकाशावर त्या गोळ्याचा रस्ता काढता येतो.

आधी एवढं डोक्यात बसवा

साधी उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा, फारतर चण्याएवढा खडा, जो ताशी नाही तर सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं हवेत घुसतो आणि जळून जातो. खडा मोठा असला आणि उजेड शुक्रापेक्षा जास्त पडला की त्याला फायरबॉल म्हणतात. काही इतके तेज असतात की वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, सावली पडते, ती सावली फिरताना दिसते, आणि खाली मान घालून पाणी बदलणाऱ्याला वाटतं कोणी मागून गाडीचा लाइट मारला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा गोळा पेटतो ८० ते १२० किलोमीटर उंचीवर. बहुतेक तर वरच संपतात, जे अगदी दमदार असतात, ज्यांतून दगड खाली येऊ शकतात, तेसुद्धा साधारण २०-३० किलोमीटर उंचीवर विझतात. म्हणजे "त्या पळसाच्या मागं पडलं" असं जे वाटतं ते जवळपास नेहमीच चुकीचं असतं. हिशोब बघा, नागपूरजवळच्या गावातून उत्तरेला क्षितिजाच्या जरासं वर, म्हणजे हात लांब करून अर्ध्या मुठीएवढ्या उंचीवर, गोळा विझताना दिसला आणि तो २५ किलोमीटर उंचीवर होता असं धरलं, तर तो तुमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्याही पुढे, पार जबलपूरकडे आहे. पळसाच्या मागं नाही. त्यामुळे टॉर्च घेऊन धावायचं नाही, आणि हे मी फक्त विज्ञानासाठी सांगत नाही, रात्री अनोळखी वावरातून पळताना बिनकठड्याच्या विहिरी असतात, डुकरांसाठी तारेत सोडलेला करंट असतो (बेकायदेशीर आहे, तरी सोडतात), आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे असाल तर वाघाचं वेगळं सांगायला नको.

दिसतोय तोपर्यंत

मोबाईल काढू नका. खरंच काढू नका. बहुतेक गोळे दोन ते पाच सेकंद टिकतात, तेवढ्यात लॉक उघडून कॅमेरा चालू होत नाही, आणि जे डोळ्यानं दिसणार होतं तेही खिसा चाचपण्यात जातं. रेकॉर्डिंगचं काम गावातले सीसीटीव्ही करतील, त्यावर पुढे येतो.

करायचं काय, तर मोजायचं. मोठ्यानं "एक पऱ्हाटी, दोन पऱ्हाटी, तीन पऱ्हाटी" असं म्हणत जा, एकेक म्हणायला साधारण सेकंद लागतो. नुसतं मनात वाटलेला वेळ कामाचा नसतो कारण दचकलेल्या माणसाला तीन सेकंद दहा वाटतात, मोजलेला असला की भरवशाचा. उजेड पडल्यावर मान वर केली असेल तर सुरुवात हुकलेली असते, तिचा विचार सोडा, शेवट पकडा. कुठं विझला तो बिंदू नजरेत धरून ठेवायचा आणि पाय जागचे हलवायचे नाहीत.

मग त्या बिंदूच्या बरोबर खाली काय आहे ते बघायचं. डीपीचा खांब, मोबाईल टॉवर, देवळाचा कळस, चिंचेचं झाड, काहीही जे सकाळीही तिथंच असेल. आणि तुम्ही उभे आहात तिथं धोंडा ठेवा, काठी रोवा, काही नसेल तर एक चप्पल काढून ठेवा. हे बावळटपणाचं वाटेल पण अख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, कारण दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी उभं राहून तोच कळस बघितला की दिशा आणि उंची दोन्ही आरामात मोजता येतात. चार पावलं इकडेतिकडे झाली तर जवळच्या झाडाच्या मानानं बिंदू कुठल्या कुठं जातो. म्हणून खूण जितकी लांबची तितकी चांगली.

विझल्यावर लगेच: घड्याळ आणि कान

आता मोबाईल काढा. पहिली वेळ बघा आणि स्टॉपवॉच चालू करा. स्टॉपवॉच कशाला, तर आवाजासाठी. उजेड ताबडतोब येतो पण आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, म्हणजे अगदी डोक्यावर २५ किलोमीटरवर फुटला तरी सव्वा मिनिट, आणि साठ-सत्तर किलोमीटर लांब असेल तर साडेतीन मिनिटं. म्हणून निदान पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मोटर चालू असेल तर बंद करता आली तर बघा, सोबतच्या पोट्ट्यांना गप्प बसवा. वीज कडाडल्यासारखा एकच धडाका, की लागोपाठ दोन-तीन, की बंडी लाकडी पुलावरून जावी तशी लांबलेली गडगड, आणि स्टॉपवॉचवर किती झाले, एवढं पक्कं करा. आवाज आलाच नाही तर "पाच मिनिटं थांबलो, आवाज नाही" हे पण लिहायचं, तीसुद्धा माहितीच आहे.

काही लोक सांगतात की गोळा दिसत असतानाच सूं-सूं, चर्र असा आवाज आला. आवाज इतक्या लवकर पोचूच शकत नाही म्हणून पूर्वी असं सांगणाऱ्यांना वेड्यात काढायचे, पण अशा साक्षी जगभर आहेत. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की फार तेज उजेड झपझप कमीजास्त होताना जवळची पानं, केस, कपडे किंचित तापतात-निवतात आणि त्यातून हवा हलून बारीक आवाज होतो. तुम्हाला असं ऐकू आलं तर लाजू नका, वेगळं लिहा, धडाक्यात मिसळू नका.

आणि उजेड जर दिवसासारखा पडला असेल तर काचेपासून आणि सैल टिनपत्र्यांपासून लांब व्हा. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी साधारण २० मीटरचा दगड हवेत फुटला, लोक उजेड बघायला खिडकीशी गेले, मिनिट-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट आली आणि काचा अंगावर आल्या. दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले आणि त्यातले बहुतेक काचांनीच. इतका मोठा प्रकार फार क्वचित होतो, पण नियम साधा आहे, मोठा उजेड दिसला की खिडकीकडे जायचं नाही.

दिशा आणि उंची कशी मोजायची

दिशेसाठी मोबाईलमधलं होकायंत्र चालतं पण ते लोखंडाजवळ वेडं होतं. ट्रॅक्टर, मोटरसायकल, लोखंडी पलंग, मोटरीचा स्टार्टर, ह्यांच्यापासून दहा-पंधरा पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून घ्या आणि मग वाचा. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. "मारुतीच्या देवळाकडे" हे गावातल्याला कळतं, बाकीच्याला आकडा लागतो. पण धोंडा ठेवला त्या जागेवरूनच वाचायचं, घरी येऊन नाही. फोन नसेल तर नंतर गुगल मॅपवर आपली जागा आणि देवळाचा कळस ह्यांच्यातून रेघ ओढली तरी दिशा निघते, उलट तेच जास्त बरोबर निघतं.

उंचीला आपला हातच माप आहे. हात पूर्ण लांब केला की मूठ म्हणजे १० अंश, मधली तीन बोटं जोडून ५ अंश, करंगळी १ अंश. क्षितिजापासून, म्हणजे जिथं जमीन आणि आभाळ भेटतं तिथून, मुठीवर मूठ रचत जायचं. डोक्यावर ९०. मोठ्या माणसाचा हात लांब तशी मूठही मोठी, त्यामुळे लहान पोरांचंही माप साधारण तेच येतं. खात्री करायची असेल तर ध्रुवतारा आहेच, जिथं उभे आहात तिथला अक्षांश जेवढा तेवढाच ध्रुव वर असतो, नागपूरला २१ अंशाच्या जरासा वर, खाली सिरोंचाकडे दोनेक अंश कमी. म्हणजे विदर्भात ध्रुव दोन मुठी वर. तुमच्या मुठीनं दोन भरतात का बघून घ्या, कमीजास्त भरलं तर तुमच्या मुठीचा आकडा त्याप्रमाणे धरा.

एक खबरदारी, लोक उंची नेहमी जास्त सांगतात. ४५ अंशावरची वस्तू "डोक्यावर होती" असं सांगणारे सर्रास भेटतात. म्हणूनच मूठ, अंदाज नाही.

ज्याला तारे ओळखता येतात त्याचं काम अजून सोपं. "मृगाच्या पट्ट्याखालून निघून व्याधाच्या डाव्या बाजूला विझला" असं वेळेसकट सांगितलं की दिशा-उंची आपोआप निघते.

रंग, तुकडे, धूर ह्यांचंही लिहा पण रंगावर फार जीव टाकू नका. हिरवट-निळा म्हटलं की मॅग्नेशियम, पिवळा-नारिंगी म्हटलं की सोडियम, असं सांगतात आणि ते खोटं नाही, पण वेग, हवेतला नायट्रोजन-ऑक्सिजन आणि बघणाऱ्याचा डोळा ह्या सगळ्यांची त्यात मिसळ असते. एकाच मचाणावरचे दोघं एकाच गोळ्याचे दोन रंग सांगतात. धुराचा पट्टा राहिला असेल तर मात्र लगेच फोटो काढा, नाइट मोडवर, फोन दगडाला टेकवून, आणि फोटोत खाली झाड-घर येऊ द्या. वरच्या हवेत वारे उलटसुलट असतात त्यामुळे तो पट्टा मिनिटभरात वाकडातिकडा होतो, पहिला फोटो सगळ्यात मोलाचा.

उल्का की रॉकेटचा तुकडा?

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अख्ख्या विदर्भानं, शिवाय मध्य प्रदेश-गुजरातकडच्या लोकांनीही, आभाळातून सावकाश सरकत जाणारी पेटती रांग बघितली. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला दहा फुटाच्या आसपास व्यासाची धातूची रिंग सापडली आणि त्याच भागात गोल टाक्यांसारखे तुकडेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तो टप्पा होता असा जाणकारांचा निष्कर्ष, आणि इस्रोचे शास्त्रज्ञही बघायला आले होते. त्या संध्याकाळी कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं, कोणी मिसाइल.

पण फरक ओळखणं अवघड नाही. उल्का झरकन जाते, सेकंदात. रॉकेट किंवा सॅटेलाइटचा तुकडा आधीच पृथ्वीभोवती फिरत असतो, त्याचा वेग सेकंदाला ७-८ किलोमीटर, आणि तो जवळजवळ आडव्या रेषेत येतो, त्यामुळे अर्धा मिनिट, मिनिट, त्याहून जास्तही दिसत राहतो आणि आभाळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. वाटेत फुटून पाच-दहा दिवे एकामागे एक, सगळे एकाच दिशेला. "एक पऱ्हाटी" मोजत वीसच्या पुढे गेलात तर समजा उल्का नाही, आणि हो, ह्या वेळी मोबाईल काढायला वेळ आहे, काढा.

बाकीचे दिवे पटकन निपटवतो. एकसारखा, न लुकलुकता चार-सहा मिनिटं सरकणारा ठळक तारा म्हणजे बहुतेक अंतराळ स्टेशन. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे सरळ रांगेत चालणारे पुष्कळ ठिपके म्हणजे स्टारलिंकचे इंटरनेटवाले सॅटेलाइट. हलत नाही पण फार तेज आहे तर शुक्र, पश्चिमेला संध्याकाळी नाहीतर पूर्वेला पहाटे. दिवाळीत हळूहळू वर जाणारा नारिंगी दिवा म्हणजे उडता कंदील. आणि समोरून येणाऱ्या विमानाचा लँडिंग लाइट बराच वेळ जागचा हलत नाही, मग एकदम वळतो, नागपूरच्या आसपासच्यांना हे माहीत आहेच.

तीन गावांचं गणित

समजा गोळा वर्ध्याच्या वर २५ किलोमीटर उंचीवर विझला. यवतमाळवाल्याला तो ईशान्येला, साधारण दोन मुठी वर दिसेल. नागपूरवाल्याला नैऋत्येला, जवळपास तेवढाच वर. चंद्रपूरवाल्याला वायव्येला, मुठीपेक्षा थोडा जास्त. प्रत्येकाला वाटेल आपल्याच तालुक्याच्या शिवेवर पडला, आणि तिघंही चुकलेले. पण नकाशावर तिघांच्या जागेवरून तिघांच्या दिशेच्या रेघा ओढल्या की त्या वर्ध्याजवळ एकमेकींना कापतात. मग कोणाही एकाच्या अंतरावरून आणि मुठींवरून उंची निघते. यवतमाळवाल्याला आवाज साडेतीन मिनिटांच्या आसपास आला असेल तर अंतराचीही खातरजमा झाली. झालं, एवढंच गणित आहे, दहावीतलं.

म्हणून आपलं मोजून झालं की लांबच्या गावातल्या सोयऱ्याला फोन लावा. शेजारच्या गावाचा उपयोग नाही, दोन्ही रेघा जवळजवळ एकाच दिशेनं जातात आणि नीट कापत नाहीत. तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढचा, आणि शक्य तर गोळ्याच्या दुसऱ्या बाजूचा माणूस पाहिजे. मुलगी दिली ते गाव, मामाचं गाव, जुने हॉस्टेलवाले मित्र, इथं कामी येतात. विचारताना एक पथ्य पाळा, तुम्ही काय बघितलं ते आधी सांगू नका. "दक्षिणेकडे हिरवा गोळा दिसला ना?" असं विचारलं की समोरचा "हो हो हिरवाच" म्हणणार. "काय दिसलं, कुठं उभा होतास, हातानं दाखव आणि त्या बाजूला कोणतं गाव आहे सांग", असं विचारा. आणि गावच्या ग्रुपवर लिहिण्याआधी आपलं स्वतःचं कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर ग्रुपवरचे शंभर मेसेज वाचून तुमची आठवणही त्यांच्यासारखी होऊन जाते. माणसाची आठवण पहिल्या तासाभरात जेवढी खरी असते तेवढी नंतर राहत नाही, फॉरवर्ड तिला लवकर नासवतात.

कॅमेरे

सकाळी उठून पहिलं काम हे. पेट्रोल पंप, ग्रामपंचायत, कृषी केंद्र, जिनिंग, शाळा, चौकातलं मोबाईलचं दुकान, सगळीकडे सीसीटीव्ही लागलेत आणि सगळ्यांचे डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी मशीनं, काही दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. कोणाचे आठवड्यात, कोणाचे पंधरवड्यात. आभाळ दिसत नसलं तरी फुटेज घ्या, अंगणावर सरकणारी खांबाची सावली दिसली तरी दिशा निघते, चेल्याबिन्स्कच्या अभ्यासात सावल्यांचा असाच उपयोग केला गेला. दोन गोष्टी सांभाळा. एक, डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घ्या, ह्या मशीनची घड्याळं पाच-दहा मिनिटं सर्रास पुढेमागे असतात. दोन, फाइल पेनड्राइव्हवर मूळ स्वरूपात घ्या, स्क्रीनचं मोबाईलनं केलेलं शूटिंग नको, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की दाबून दाबून त्यातली निम्मी माहिती जाते. दुकानदाराला फुकट दमवू नका, नेमकी वेळ सांगा, आधीची-नंतरची पाच-पाच मिनिटं पुरतात.

कळवायचं कुठं

इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या साइटवर फायरबॉल कळवायचा ऑनलाइन फॉर्म आहे, फुकट आहे. कुठं उभे होतात, कुठल्या दिशेला बघत होतात, सुरुवात-शेवट किती उंच, किती सेकंद, किती तेज, आवाज, तुकडे, एवढंच विचारतात, म्हणजे वर जे मोजलं तेच. आपल्या भागातून एकाच गोळ्याचे दोन-चार फॉर्म वेगवेगळ्या गावांतून गेले तर ते एकत्र करून रस्ता काढला जातो. युरोप-अमेरिकेत एका गोळ्याचे शेकड्यांनी फॉर्म जातात, आपल्याकडून जाऊन जाऊन किती जातात ह्याची कल्पना करा, गोळे काय तिकडेच जास्त पडतात असं नाही. तेजाच्या रकान्यात तुलना द्या, शुक्राएवढा, पुनवेच्या चंद्राएवढा, त्याहून जास्त, सावली पडली का. वेळ भारतीय दिली की जागतिक हे बघून भरा, साडेपाच तासाचा घोळ तिथं सगळ्यात जास्त होतो. जे आठवत नाही ते रिकामं सोडा.

नागपुरात रमण विज्ञान केंद्र आहे, जवळच्या कॉलेजचा भूगोल किंवा भौतिकशास्त्र विभाग आहे, त्यांना सांगितलं तरी चालतं. पेपरवाल्याला सांगायचं तर लेखी द्या, तोंडी सांगितलं की अंशाचे किलोमीटर होऊन छापून येतात.

खरंच काही पडलं असेल तर

विदर्भात हे झालेलं आहे. २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कापात झाला, तीसच्या आसपास तुकडे मिळाले. तो दगड दगडी उल्कांतल्या एल-६ ह्या जातीचा, आणि २०२१ मध्ये आयआयटी खडगपूरच्या चमूनं त्यात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडल्याचं जाहीर केलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली सगळ्यात जास्त आहे पण वर हाताला लागत नाही. म्हणजे आपल्या पायाखालच्या जमिनीच्या तळाची माहिती काटोलात आभाळातून पडलेल्या खड्यातून मिळाली. तो तुकडा कोणी घासूनपुसून देव्हाऱ्यात ठेवला असता तर हे कळलं नसतं.

बुलढाण्यातलं लोणारचं उल्केनं झालेलं विवर सगळ्यांच्या डोक्यात असतं, १.८ किलोमीटर रुंद, त्यामुळे उल्का पडली म्हणजे मोठा खड्डा पाहिजेच असं लोकांना वाटतं. लोणारचा आघात फार वेगळ्या आकाराचा होता. काटोलसारखा दगड वरच वेग गमावतो, शेवटची काही मिनिटं अंधारात, न पेटता, ताशी काहीशे किलोमीटरनं साधा खाली पडतो. मऊ वावरात टोपलीएवढा खळगा झाला तर झाला, नाहीतर तेवढाही नाही. आणि तो गरम नसतो, बाहेरचा पातळ थर वितळलेला असतो पण आतला दगड अंतराळातून थंडच आलेला, खाली येईपर्यंत कोमट किंवा गार. त्यामुळे तणसाची गंजी पेटली तर कारण दुसरं शोधा.

ओळखायचा कसा? बाहेरून काळी, मिलिमीटरपेक्षाही पातळ, डांबरट पापुद्र्यासारखी साल. एखादा कोपरा फुटला असेल तर आत राखाडी, त्यात बारीक चकाकणारे धातूचे कण. कडा गोलावलेल्या, कधी अंगठ्यानं दाबल्यासारखे ठसे. हातात आकाराच्या मानानं जड. आत बुडबुड्यांची भोकं असतील तर जवळपास नक्कीच उल्का नाही. आपल्याकडे फसवणारे दगड पुष्कळ आहेत: काळा बेसाल्ट तर सगळीकडे, वीटभट्टीतला जळून चिकटलेला खंगर, लोखंडाच्या कारखान्यातला स्लॅग, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरलेली मळी, जो रस्त्याच्या भरावात येऊन पडतो, गडचिरोलीकडचं लोहखनिज. "चुंबक चिकटतो म्हणजे उल्का" हे विदर्भात चालत नाही, आपल्या बेसाल्टलाही चुंबक थोडा ओढतो. उलट तगडा चुंबक लावला की खऱ्या उल्केतली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते, म्हणून लावूच नका.

सापडला तर आहे त्या जागी फोटो, बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवून. मग मोबाईलवरून त्या जागेचं लोकेशन सेव्ह. मग स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून उचला, म्हणजे हाताचा घाम-तेल लागत नाही, आणि पिशवी बंद करून कोरड्या जागी ठेवा. धुवायचा नाही, फोडायचा नाही, ॲसिड तर नाहीच, हळदकुंकूही नको. पाऊस यायचा असेल तर घाई करा, पाण्यानं त्यातलं लोखंड लगेच गंजायला लागतं. मग तलाठी किंवा तहसीलदाराला कळवा आणि सोबत जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाला, ह्यांचं मध्य विभागाचं ऑफिस नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, आणि देशात पडलेल्या उल्का जतन करायचं काम ह्याच संस्थेकडे आहे. देताना पोच घ्या, फोटो आपल्याकडे ठेवा, आणि सापडलेल्या जागेचं, वेळेचं कागदावर लिहून द्या. मधेच कोणी दलाल येऊन "करोडोची वस्तू आहे, टेस्टिंगसाठी आधी पन्नास हजार भरा" म्हणाला तर त्याला सरळ पांदण दाखवा.

हे सगळं दगडाचं. धातूची टाकी, रिंग, पत्रा, काळ्या धाग्यांनी गुंडाळलेला गोळा असं काही असेल तर हात अजिबात लावायचा नाही. रॉकेटच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहू शकतो. पोरं, ढोरं लांब ठेवा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, ११२ ला फोन करा. सेल्फी नंतर पोलिसांसोबत काढा.

मुद्दाम बघायचं असेल तर

फायरबॉल ठरवून दिसत नाही, पण शक्यता वाढवता येते. आपल्यासाठी सगळ्यात चांगली रात्र १३-१४ डिसेंबरची, जेमिनिड उल्कावर्षाव. आभाळ कोरडं, तूर उभी असते, हरभऱ्याला पाणी चालू असतं, माणसं तशीही वावरात. ह्या उल्का मिथुन राशीकडून येतात, सेकंदाला ३५ किलोमीटर म्हणजे उल्कांच्या मानानं निवांत, आणि रात्री दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर येते तेव्हा जोर. अमावस्येजवळ आलं तर सोनं. ऑगस्टचा पर्सिड जगभर गाजतो पण आपल्याकडे तेव्हा पावसाळा, त्याच्या मागं लागू नका. नोव्हेंबरमधल्या टॉरिड उल्का संख्येनं कमी, पण त्यांत मोठे, सावकाश जाणारे गोळे निघतात. आणि कुठल्याच वर्षावाचे नसलेले फायरबॉल उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी थोडे जास्त दिसतात.

तयारी फार नाही. बाज अशी टाका की गावाचे लाइट पाठीमागे जातील. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलची स्क्रीन एकदा बघितली की पुन्हा पहिल्यापासून, टॉर्चवर लाल कापड बांधा. दुसरा फोन असेल तर वीटेला टेकवून आभाळाकडे तोंड करून लांब एक्सपोजरवर लावून ठेवा, चार्जर मचाणाला.

आणि जागलीची जागा ठरलेली असेल तर एका निवांत रात्री ध्रुवतारा बघून मचाणाच्या कठड्यावर उत्तर दिशेची खूण करा, तिच्यावरून बाकीच्या सात दिशा ऑइल पेंटनं आखून घ्या, आणि प्रत्येक दिशेला क्षितिजावर काय दिसतं, कुठलं गाव, कुठला टॉवर, ते तिथंच लिहून ठेवा. मग गोळा कधीही आला तरी होकायंत्र शोधत बसायला नको, कोणाचीही पाळी असली तरी तो वाचून सांगू शकतो.